ऊन पाठीमागे ठेवावे

आमच्या मद्रासेत पाऊस उशिरा येतो. बाकीच्या मुलखातल्या लोकांनी छत्र्या वाळवून माळ्यावर टाकल्या, की दिवाळीच्या तोंडावर समुद्राकडून आमचा सुरू होतो. अभ्यंगाचं पाणी चुलीवर तापत असतं आणि अंगणात आभाळ थंड पाणी ओतत असतं. फटाके सादळतात, मग ते शेगडीपासून अदबीनं दूर ठेवून शेकायचे. कार्तिकात दारातल्या पणत्या वाऱ्यानं विझतात. मार्गशीर्षात पहाटे घातलेली रांगोळी उजाडेपर्यंत गटारात गेलेली असते, तरी गल्लीतल्या बायका दुसऱ्या दिवशी पुन्हा घालतात. याला भक्ती म्हणावं की सवय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काल असाच पाऊस लागला होता आणि वसंता आली. ती आमच्या शाळेत नवी शिक्षिका आहे. नवऱ्याची बदली झाली म्हणून पुण्याहून इथं आली. आमची तंजावरकडची मराठी ऐकून तिला सुरुवातीला हसू आवरत नसे. म्हणायची, "बाई, तुम्ही घरात बोलता ते पोथीतलं वाटतं." मी तिला म्हटलं, पोथी जुनी असते पण खोटी नसते. तेव्हापासून आमचं जमलं.

तिला कॅमेरा घ्यायचा आहे. छत्री दारात टेकवून, पदरानं केस पुसत ती म्हणाली, "मला काही फोटोग्राफर व्हायचं नाहीये हो. आपल्यासारख्या साध्या माणसाला कोणता बरा पडेल? तुमच्या कपाटात एक आहे ना, म्हणून विचारते."

कपाटात एक आहे हे खरं. काळा, चौकोनी, मुलांच्या खाऊच्या डब्याएवढा. त्याचं काचेचं डोळ्याएवढं भोक पुढं, आणि वरून वाकून बघायची छोटी चौकट. कपाट उघडताना मी त्याच्याकडे बघत नाही, पण तो तिथं आहे हे माहीत असतं. तिला म्हटलं, "बस. कॉफी टाकते." एवढ्या साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला कॉफीचा आडोसा लागला.

आमचे अप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. वस्तू घेणं हे त्यांच्या लेखी लग्न जमवण्याइतकं गंभीर काम होतं. चप्पल घ्यायची तरी दहा जणांना विचारायचे, दुकानात जाऊन वास घ्यायचे, वाकवून बघायचे आणि "विचार करून येतो" म्हणून परत यायचे. माझी धाकटी बहीण रुक्मिणी, आमची रुक्कू, म्हणायची, "अप्पा छत्री घेण्यास निघाले की पाऊस संपतो." अप्पाही हसायचे. तेव्हा ते नुसतं चेष्टेचं होतं.

रुक्कूला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना हृदयाची झडप बिघडवून गेला. कॉलेजात जाऊ लागली तोवर जिना चढताना मध्ये थांबावं लागे. मग कॉलेज सुटलं, मग जिना सुटला, आणि त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तिचं आडवं झोपणं सुटलं. पाठीशी उशांची चळत लावून ती खिडकीजवळच्या खाटेवर बसून असे. पाय सुजलेले. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, म्हणून आईनं सगळ्यांचंच रसम अळणी केलं. आम्ही निमूटपणे जेवायचो. रुक्कूच म्हणायची, "माझ्यासाठीं तुम्ही कां हा शाप भोगतां? मीठ घ्या गे."

एग्मोर स्टेशनाजवळ बसणाऱ्या डॉक्टरांनी अप्पांना आणि मला दवाखान्यात बोलावून सांगितलं, "या पावसाळ्याच्या पुढचं मी काही बोलत नाही." घरात शिरताना अप्पा उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "आंत कांही बोलूं नको." मला कळलं. अशुभ तोंडातून काढू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आम्ही पाळण्यात शिकलो होतो. आईला आमच्या तोंडाकडे बघूनच कळलं. तिनंही विचारलं नाही. त्या दिवसापासून आम्ही तिघं घरभर ते न बोललेलं सांभाळत फिरत होतो, जसं काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन चालतात तसं.

आईला एकच गोष्ट हवी होती. रुक्कूच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तंजावरात असतानाच तो गेला, चालायला लागला होता तेव्हा. एकदा ती फुलं गुंफता गुंफता मला म्हणाली, "पहिल्यानं डोळे मिटले कीं तो दिसायचा. आतां नुसतें त्याचें आंगडें दिसतें. तोंड दिसत नाही." मग दोरा तोंडानं तोडून ती म्हणाली, "रुक्कूचा एक फोटो मज हवा."

यात काय कठीण, असं कोणी म्हणेल. स्टुडिओवाल्याला बोलावायचं. पण आमच्या गल्लीत काळं फडकं आणि तिकाटणं घेऊन स्टुडिओवाला दोनच प्रसंगी येई, लग्नाला किंवा माणूस गेल्यावर. समोरच्या घरातली म्हातारी गेली तेव्हा तिला खुर्चीत बसवून, कपाळाला मोठं कुंकू लावून, गळ्यात हार घालून तिचा फोटो काढला होता. त्या घराला त्या म्हातारीचा तेवढाच फोटो. रुक्कू आणि मी ओट्यावरून ते बघितलं होतं. रुक्कू तेव्हा एवढीशी. तिनं विचारलं होतं, "आजीनं डोळे कां मिटले? फोटो खराब होईल ना?" आमच्याही भिंतीवर सगळे गेलेलेच होते. आजोबा, थोरले काका, आणि त्यांच्यावर सुकलेले हार. जिवंत माणसाला भिंतीवर जागा नव्हती. तेव्हा लग्न न ठरलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या मुलीसाठी फोटोवाला दारात आला असता, तर त्याचा अर्थ साऱ्या गल्लीला कळला असता आणि रुक्कूला सगळ्यांच्या आधी.

म्हणून अप्पांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. घरात जाहीर केलं, की पेन्शनीत निघाल्यावर माणसाला काहीतरी छंद हवा. रुक्कू उशीवरून म्हणाली, "छंद! अप्पा, तुम्ही कोऱ्या कागदावर शाईचा डाग पडला तर रात्रभर झोपत नाहीं." पण तिला गंमत वाटली होती. अंथरुणावरच्या माणसाला घरात येणाऱ्या कुठल्याही नव्या वस्तूची गंमत वाटते.

मग अप्पांच्या त्या सुप्रसिद्ध चौकशा सुरू झाल्या. धोतराचा सोगा हातात धरून, चिखल चुकवत ते माउंट रोडवरच्या दुकानात जात. कधी मला नेत. पावसात दुकानाच्या काचा धुरकट झालेल्या असत. आत कातड्याचा आणि कापराचा वास. दुकानदार गळ्यात चष्मा अडकवलेला, बोलघेवडा माणूस होता. तो प्रत्येक कॅमेरा मखमलीवर काढून ठेवी. हा भात्याचा, बंद केला की खिशात जातो. हा जर्मनीचा, याला अंतर, उजेड, वेग सगळं आपण लावायचं. हा, याच्यावर दिवा बसतो, अंधारातही चालतो. आणि हा डबा, याला काहीच लावायचं नाही.

"सार," तो म्हणाला, "मी गिऱ्हाइकाला आधी एकच विचारतो. कशाचे फोटो काढणार? ते कळलं की कॅमेरा आपोआप ठरतो. तुम्ही धंदेवाले नाही. उगाच भारी घेऊन काय करणार? कशाचे काढणार, सांगा."

अप्पा काचेबाहेरच्या पावसाकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. घराच्या वास्तूला ऐकू जाणार नाही इतक्या लांब आम्ही होतो. तिथं, त्या अनोळखी माणसाला सांगायला हरकत नव्हती. एका खोलीत, खिडकीपाशी, उशांना टेकून बसलेल्या मुलीचा चेहरा, असं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"महाबलीपुरम," अप्पा म्हणाले. "आम्ही सगळे ट्रिपला जाणार आहोत. देवळं, समुद्र. मुलीही येतील."

"मग ऊन भरपूर," दुकानदार खूष होऊन म्हणाला. "तुम्हाला हा डबाच बरा. सूर्य पाठीमागे ठेवायचा, समोरच्याला दहा पावलांवर उभं करायचं आणि कळ दाबायची. लहान पोरगंसुद्धा काढील." दिवा बसणाऱ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "घरात काढायचे असतील तर मात्र—"

"घरांत कशाला?" अप्पा म्हणाले.

दुकानदाराचं चुकलं नाही. जी गरज सांगितली तिला साजेसाच कॅमेरा त्यानं दिला. जन्मभर चप्पल वाकवून बघणाऱ्या माझ्या बापानं हा एकच सौदा "विचार करून येतो" न म्हणता केला.

कॅमेऱ्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. अप्पांच्या आधी रुक्कूनंच ती वाचून काढली. कॅमेरा मांडीवर घेऊन, वरच्या चौकटीत वाकून ती दिवसभर खोली बघत बसे. त्या काचेत सगळं लहान आणि डावं-उजवं उलटं दिसे. "अक्का, तूं डाव्या हातानं केर काढतीस," म्हणून मला चिडवी. पावसानं काचेला बुरशी चढू नये म्हणून अप्पांनी तो भाजलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवायला घेतला, तर म्हणाली, "तो माझ्याजवळ राहूं दे. तांदुळाला काय दिसणार?"

एका दुपारी आई स्वयंपाकघरात असताना तिनं मला जवळ बोलावलं. पुस्तिकेतल्या एका ओळीवर बोट ठेवलं होतं. "हें बघ गे. ह्याला वेयिल हवें. ऊन. आंत चालत नाही. अप्पांनी दुकानांत काय सांगितलें?"

"महाबलीपुरमला जायचं म्हणून सांगितलं."

ती हसली, आणि हसण्यानं दम लागला. दम ओसरल्यावर म्हणाली, "खाटेवरच्या माणसासाठीं हा कॅमेरा नव्हे." मग पुस्तिका मिटून तिनं उशीखाली ठेवली. मी पाणी आणायला उठले. आमच्या घरात असा विषय निघाला की कोणीतरी पाणी आणायला उठत असे.

पाऊस काही उघडेना. बंदरावर वादळाची खूण लागली होती. घरभर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले, त्यांच्यातून वाट काढत आम्ही फिरत होतो. दिवसाच खोलीत संध्याकाळ. अप्पा दर सकाळी ओट्यावर जाऊन आभाळ बघत आणि आत येऊन बसत. मी एवढं वैतागून पावसाकडे त्याआधी कधी बघितलं नव्हतं. लोक पावसावर गाणी कशी लिहितात, ते त्यांनाच ठाऊक.

शेवटी पुस्तिकेतच एक युक्ती निघाली. उजेड कमी असेल तर कॅमेरा टेबलावर पक्का ठेवावा, एक खिट्टी ओढावी आणि कळ थोडा वेळ दाबून धरावी. तेवढा वेळ समोरच्यानं हलू नये. अप्पांनी स्टूल आणलं, पुस्तकं रचली. आईनं रुक्कूची वेणी घातली, निळी साडी नेसवली, अबोली माळली. कोणाला काही वाटू नये म्हणून आधी माझा एक फोटो काढून झाला. मग अप्पा म्हणाले, "रुक्कू, हलूं नको."

ती हलली नाही. पण तिचा श्वास हलत होता. छाती, खांदे, मान, सगळं त्या श्वासाबरोबर वरखाली होत होतं. ते तिच्या हातात नव्हतं. आई भिंतीशी उभी होती, तिच्या तोंडून गेलं, "थोडा श्वास धर गे बाळा."

रुक्कूनं प्रयत्न केला. ओठ निळे पडले. मग खोकल्याची उबळ आली आणि आई धावली.

तो फोटो धुऊन आला. खिडकीचे गज स्पष्ट, उशीच्या अभ्र्यावरची वेलबुट्टी स्पष्ट, अबोलीसुद्धा थोडीफार. चेहऱ्याच्या जागी ओल्या बोटानं पुसल्यासारखा पांढरा डाग. अप्पांना तो लपवायचा होता, पण रुक्कूनं मागून घेतला आणि निरखून बघितला. "बरोबर आला आहे," म्हणाली. आईनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि परत कधी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा कॅमेरा उपरण्याखाली घेऊन पुन्हा दुकानात गेले. बदलून दिव्याचा घ्यायचा म्हणून. मी बरोबर होते. दुकानदारानं विचारलं, "काय झालं सार? ट्रिप बरी झाली ना?" अप्पांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, "पावसानं राहिली." दुकानदार म्हणाला, "हरकत नाही सार, पोंगलला, तुमच्या संक्रांतीला जा, तेव्हा ऊन चांगलं असतं." अप्पा मान हलवून तसेच बाहेर आले. फुटपाथवर उभे राहून त्यांनी चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पावसानं लगेच ओला होत होता, तरी पुसत राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती.

आणि मग एक दिवस ऊन पडलं. मार्गशीर्षातलं, धुतलेलं, कोवळं ऊन. घराच्या मधल्या उघड्या अंगणात वाफ निघत होती. शेजारपाजारच्यांनी गाद्या काढल्या. आम्ही रुक्कूला आरामखुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून अंगणात नेलं. किती हलकी झाली होती, ते तेव्हा हाताला कळलं. ऊन पाठीवर घेत तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "बेस वाटतें."

अप्पांनी नवा रोल घातला. रुक्कूनं हात पुढे केला. "पहिल्यानं मी काढतें. पुस्तक मी वाचलें आहे, तुम्ही नाही. सूर्य माझ्या पाठीमागें आहे. तुम्ही तिघं तेथें उभे राहा."

तिला नाही कसं म्हणायचं? कॅमेरा मांडीवर ठेवून वाकून बघायचा. बसलेल्या, थकलेल्या माणसाला तो अगदी सोयीचा, एवढ्यापुरती अप्पांची निवड चुकली नव्हती. तिनं आमचे काढले. अप्पांचा आभाळ बघताना पाठमोरा, आईचा तुळशीपाशी, माझा ओले कपडे पिळताना. मध्ये दम खायला थांबे, पण कॅमेरा सोडीना. आई एकसारखी म्हणत होती, "आतां तुझा, आतां तुझा." सूर्य वर चढत होता.

"आतां तिघं मिळून," ती म्हणाली. आम्ही उभे राहिलो. ती त्या चौकटीत बराच वेळ वाकून बघत राहिली, आणि मान वर न करता म्हणाली, "असें काय बघतां? मी अजून आहें ना?"

कळ वाजली. मग तिनं चावी फिरवली, आणखी फिरवली, आणि कॅमेरा अप्पांपुढे धरला. "संपला रोल."

अप्पांनी दुसरा आणला नव्हता. ते चपला घालू लागले, तेव्हा ती म्हणाली, "राहूं द्या अप्पा. मज भिंतीवर नको." आणि आत न्या म्हणाली.

संध्याकाळी पुन्हा पाऊस लागला. तो पाऊस संपायच्या आत ती गेली. संक्रांतीला लख्ख ऊन होतं. त्या उन्हाचा मला इतका संताप आला की मी खिडकी लावून घेतली.

रोल पुढं कधीतरी मीच धुवायला दिला. सगळे फोटो सुरेख आले होते. शेवटच्या फोटोची जागा कोरी होती. तिनं फोटो न काढताच चावी फिरवून ती घालवली होती. आई प्रत्येक फोटो उन्हात नेऊन बघत होती. सूर्य पाठीमागे होता, म्हणजे काढणाऱ्याची सावली तरी पुढं पडली असेल, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. पण ऊन वर आलेलं होतं. सावली खुर्चीपाशीच राहिली. मला रुक्कूचा राग आला, अजूनही येतो. एक फोटो द्यायला काय हरकत होती तुला? आईकडे आधीच एक बिनतोंडाचं आंगडं होतं, त्यात तू भर घातलीस. मग वाटतं, तिचं तोंड तिचं होतं. आम्ही सगळे ते मागत होतो आणि का मागतो आहोत ते सांगत नव्हतो.

अप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून घर धुंडाळलं. कचेरीच्या एका फोटोत ते शेवटच्या रांगेत तांदळाच्या दाण्याएवढे. चेहरा दिसेल असा दुसरा फोटो एकच, रुक्कूनं काढलेला, आम्हा तिघांचा. त्यातून अप्पांचा चेहरा वेगळा काढून मोठा करायला दिला. स्टुडिओवाला म्हणाला, "डोळे फार वाईट दिसताहेत. ब्रशनं थोडे हसरे करून देतो." आई म्हणाली, "आहेत तसे असूं द्या." फोटो आल्यावर तिनं खिळा दोनदा काढून दुसरीकडे ठोकायला लावला, खाटेच्या कोपऱ्यासमोर येईपर्यंत. खाट आता तिथं नाही. रोज सकाळी आई अप्पांना हार घालते आणि एक अबोलीचं फूल त्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवते. केर काढताना ते उचलायचं नाही, हे मला न सांगताच समजलेलं आहे.

कॉफी घेऊन मी बाहेर आले. वसंताला म्हटलं, "कोणताही घे. महाग-स्वस्त, भात्याचा, डब्याचा. पण दुकानदारानं विचारलं की कशाचे फोटो काढणार, तर त्याला खरं सांग. मनात जे असेल ते. लाजू नको आणि भिऊ नको."

ती हसली. "एवढंच? मला वाटलं काहीतरी अवघड सांगाल." मग पेला हातात घेऊन ती भिंतीकडे बघू लागली. बघताबघता तिचं हसू गेलं. "बाई, हे तुमचे वडील ना? असे का बघताहेत हो?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. उन्हामुळे, असं मी सगळ्यांना सांगते. पण आई खाली बसून फुलं गुंफत होती. तिनं मान वर केली नाही.

"रुक्कू फोटो काढते आहे," ती म्हणाली.

वसंतानं मागं वळून कोपऱ्याकडे बघितलं. मीही बघितलं.